एक कॅरट, पण दिसतो केवढा?

कोकणात सोनं घ्यायची अक्कल घरोघरी आहे. रत्नागिरीच्या नाहीतर कुडाळच्या पेढीवर गेलेली कुठलीही मावशी आधी आजचा भाव विचारते, काट्यावरून नजर हलू देत नाही, घडणावळीवर घासाघीस करते आणि सराफाच्या कॅल्क्युलेटरआधी तिचा तोंडी हिशेब तयार असतो. वजन दुप्पट तर सोनं दुप्पट, यात फसायला फारशी जागाच नाही. पंचाईत होते ती हिऱ्यापाशी. हिराही वजनावरच विकतात, त्यामुळे सोन्याचीच सवय आपण त्याला लावतो आणि तिथे चुकतो.

कॅरट हे वजनाचं माप आहे. १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ग्रॅमचा पाचवा हिस्सा. कॅरटचे शंभर भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट. ‘तीस सेंटचा खडा’ म्हणजे ०.३० कॅरट. या आकड्यात खड्याच्या रुंदीबद्दल अवाक्षर नाही. आणि बोटावर, नाकात, कानात जो दिसतो तो खड्याचा फक्त वरचा गोल. वजनातला किती वाटा त्या गोलात आहे आणि किती खाली कोंदणात दडलाय, सगळा प्रश्न एवढाच.

दोन खडे घेऊ. दोन्ही गोल, दोन्ही १.०० कॅरटचे, रंग आणि शुद्धताही तीच. पहिल्याच्या सर्टिफिकेटवर मापं आहेत ६.४२ – ६.४५ × ३.९६ मिमी. दुसऱ्याच्या ६.२७ – ६.३० × ४.१५ मिमी. पहिले दोन आकडे म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्यास, शेवटचा म्हणजे उंची. गोल हिऱ्याचं वजन अंदाजायचं एक सोपं सूत्र धंद्यात चालतं : व्यास गुणिले व्यास गुणिले उंची गुणिले ०.००६१. मोबाइलवर करून पाहा, दोन्हींचं उत्तर एक कॅरटच येईल. पहिल्याची उंची व्यासाच्या ६१.५ टक्के आहे, दुसऱ्याची ६६ टक्के. म्हणजे दुसऱ्याने रुंदीतलं वजन काढून पोटात ठेवलं आहे. नीट कापलेला ९३ सेंटचा खडा जेवढा रुंद असतो, तेवढाच हा पूर्ण कॅरटचा खडा वरून भरतो. उरलेले सात सेंट तुम्ही विकत घेता, पण ते कुणालाच दिसत नाहीत.

आता कोणी म्हणेल, व्यासात फरक जेमतेम ०.१५ मिमीचा, तो कुणाच्या डोळ्याला कळणार? खरंय, निव्वळ रुंदी म्हणून कळणार नाही. पण खोल खड्यात आणखी एक गोष्ट बिघडते, ती मात्र डोळ्याला कळते. त्यासाठी आधी हिऱ्याचे भाग ओळखून घेऊ.

गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात. खालच्या टोकाला बारीक पैलू दिला असेल तर ५८. वरचा मोठा सपाट पैलू म्हणजे टेबल. टेबलापासून उतरत जाणारा वरचा भाग म्हणजे क्राउन. खड्याची सर्वांत रुंद कडा, जिथे प्रॉन्ग, म्हणजे कोंदणाची बारीक नखं, पकडतात, ती गर्डल. आणि गर्डलच्या खाली निमुळतं होत गेलेलं पोट म्हणजे पॅव्हिलियन. आपल्याकडच्या पेढ्यांवरही हेच शब्द चालतात, तेव्हा तेच वापरतो. वजन लपवायच्या जागा मुख्यतः दोन, पॅव्हिलियन आणि गर्डल. जाड गर्डल ही तर सर्वांत सोपी युक्ती. वरून काही दिसत नाही आणि काट्यावर मात्र भर पडते.

चमक कशी येते हे समजायला मालवण-तारकर्लीच्या समुद्रात उतरलेल्यांना सोपं जाईल. पाणी शांत असेल तेव्हा स्कूबाच्या वेळी खाली जाऊन मान वर करा. डोक्यावर उजेडाचा एक गोल दिसतो. आकाश, होडीचा तळ, काठावर बसलेल्या गाइडचे पाय, सगळं त्या गोलात. गोलाबाहेर मात्र पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो, तिथे वरचं काही दिसत नाही, खालच्या वाळूचा आणि खडकांचा रंग उलटा दिसतो. कारण पाण्यातून हवेत निघणारा किरण एका मर्यादेपेक्षा जास्त तिरपा आला तर त्याला बाहेर पडताच येत नाही, तो पूर्ण आत परततो. पृष्ठभागावर उभी रेघ काढली तर पाण्यासाठी ही मर्यादा त्या रेघेपासून सुमारे ४९ अंश आहे. हिऱ्यासाठी ती फक्त २४.४ अंश. म्हणजे हिऱ्यातून उजेडाला सुटायची खिडकी फारच अरुंद, बाकी सगळा आरसा. काचेचा खडा आणि हिरा यांतला फरक इथून सुरू होतो.

कापणाऱ्याचं काम म्हणजे या आरशांचे कोन जुळवणं. टेबलातून सरळ खाली आलेला किरण पॅव्हिलियनच्या एका भिंतीवर आपटतो, तिथून समोरच्या भिंतीवर, आणि तिथून वर. भिंतीचा कोन ४०.७५ अंश धरला तर पहिल्या भिंतीवर किरण ४०.७५ अंशांनी पडतो, दुसऱ्या भिंतीवर ५७.७५ अंशांनी. दोन्ही २४.४ च्या वर, म्हणून दोन्हीकडून परततो. टेबलाकडे येताना तो उभ्या रेघेपासून फक्त १७ अंश कललेला असतो, म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून बाहेर पडून तुमच्या डोळ्यात शिरतो. शाळेतल्या भूमितीने हे वहीवर काढता येतं. मार्सेल टोल्कोव्स्की या अँटवर्पच्या हिरे कापणाऱ्या घराण्यातल्या इंजिनिअरने १९१९ साली हाच हिशेब मांडला आणि प्रमाणं सांगितली : टेबल व्यासाच्या ५३ टक्के, क्राउनचा कोन ३४.५ अंश, पॅव्हिलियनचा ४०.७५. शंभर वर्षं उलटली तरी चांगल्या कटचे आकडे त्याच्याच आसपास फिरतात.

तोच पॅव्हिलियन खोल करत ४५ अंशांजवळ नेला तर काय होतं? किरण आला तसाच, त्याच वाटेने परततो. म्हणजे वरून खड्याकडे बघणाऱ्याला खडा त्याच्याच डोक्याची सावली दाखवतो. मध्यभाग काळा पडतो, इंग्रजीत याला खिळ्याच्या डोक्याची उपमा देतात. इतकं टोक गाठलं नाही आणि क्राउन व पॅव्हिलियन दोन्ही थोडे जास्त उभे ठेवले, तर टेबलाच्या कडेखाली एक करडं कडं उमटतं. तिथून उजेड मागच्या बाजूने निसटलेला असतो. डोळा हिऱ्याची रुंदी पट्टीने मोजत नाही, तो उजळलेला भाग मोजतो. कडेपर्यंत पेटलेला ६.४ चा खडा भरलेला दिसतो, आणि करड्या कड्याचा ६.३ चा त्याच्यापुढे चांगलाच लहान.

कुडाळला चुलतबहिणीच्या साखरपुड्याची अंगठी बघायला गेलो होतो. आमच्या आतेला यातलं काही माहीत नव्हतं. समोर दोन खडे, दोन्ही पन्नास सेंटचे. एकाकडे बोट दाखवून ती म्हणाली, “हो खडो बारको कसो दिसता?” सराफ हसत म्हणाले, “काकू, वजन एकच आहे, काट्यावर ठेवून दाखवतो.” तर आते, “काट्यार नको, दारात दाखय.” ती बरोबर होती. दुकानातले स्पॉटलाइट लावलेलेच असतात कसलाही खडा लखलखावा म्हणून, बारीक तीव्र दिव्याखाली काचही मिरवते. दारात पावसाळी ढगाळ उजेड होता. तिथे एक खडा टेबलापासून कडेपर्यंत पांढराशुभ्र राहिला आणि दुसऱ्याच्या आत ते करडं कडं उघड पडलं. सर्टिफिकेट मागवून बघितलं तर दुसऱ्याची उंची ६५ टक्क्यांच्या वर.

मग असे खडे कापतातच का? सुरतेच्या कारागिराला कोन जुळवता येत नाहीत म्हणून अजिबात नाही. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना तिकडच्या घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, पैलू पडतात, हात त्यांचा जगात पहिला. कारण भावपत्रकात आहे. १९७८ पासून निघणारं रॅपापोर्टचं भावपत्रक व्यापारी समोर ठेवतात, आणि त्यात कॅरटमागचा भाव वजनाच्या टप्प्यांनी दिलेला असतो. ०.९० ते ०.९९ हा एक टप्पा, १.०० ते १.४९ हा पुढचा. टप्पा ओलांडला की भाव चढतो तो नुसत्या वाढलेल्या वजनावर नाही, सगळ्याच वजनावर. कच्च्या हिऱ्यातून सुंदर ९४ सेंट निघत असतील आणि जरा पोट सुटलेला पूर्ण कॅरट निघत असेल, तर मालक कशाला सांगेल ते उघड आहे. म्हणून अगदी १.००, १.०१, १.५०, २.०० असं वजन दिसलं की मी आधी उंचीचे टक्के बघतो. त्या आकड्यांवर बसलेला प्रत्येक खडा वाईट असतो असं नाही, पण वजन वाचवायचा मोह तिथेच सर्वांत मोठा.

उलट बाजूने, ९० ते ९७ सेंटमधला चांगल्या कटचा खडा ही माझ्या मते शहाण्याची खरेदी आहे. भाव खालच्या टप्प्याचा आणि दिसायला कॅरटच्या अगदी जवळ. अडचण एकच, पाहुण्यांत “एक कॅरटचा आहे हो” असं सांगता येत नाही. चाकरमान्यांच्या लग्नात या वाक्यालाही किंमत असते, ती ज्याने त्याने ठरवावी.

वजनापेक्षा तेज मोलाचं, हे आपल्या मातीतल्या एका हिऱ्याने फार महागात दाखवलंय. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला ‘नासक’ हिरा पेशवाईच्या अखेरीला, १८१८ च्या सुमारास, इंग्रजांच्या हाती लागला तेव्हा जवळपास ९० कॅरटचा होता. तो विलायतेत एकदा कापला गेला, आणि १९४० मध्ये अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा कापून घेतला. आज त्याचं वजन ४३.३८ कॅरट आहे. जुने भारतीय कारागीर कच्च्या खड्याचं वजन होईल तितकं राखत, नंतरच्या काळाने निम्म्याहून अधिक वजन भुकटी करून टाकलं, ते उजेड नीट परतावा म्हणून. देवाच्या अंगावरून हिरा गेला, ते दुखणं वेगळं.

इथवर वाचून ‘मग चपटा खडा घ्यावा, तोच रुंद’ असं वाटणं साहजिक आहे. ५८ टक्के उंचीचा एक कॅरट ६.५६ मिमी भरतो, म्हणजे दिसायला फायदाच. पण तिथेही हद्द आहे. पॅव्हिलियन फार उथळ झाला की परतणारा किरण टेबलावर मर्यादेपेक्षा तिरपा येतो. ३८ अंशांचा हिशेब करून पाहा, टेबलावर तो २८ अंशांनी येतो आणि तिथून बाहेर पडत नाही. शिवाय गर्डलचं प्रतिबिंब टेबलात गोल पांढरी रेघ होऊन दिसायला लागतं, बांगड्याच्या डोळ्यासारखं, आणि तो डोळा बाजारात शिळ्या मासळीचा कसा दिसतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको. रुंद पण निस्तेज खडा हा खोल खड्याइतकाच तोट्याचा. फार पातळ गर्डल तर धोक्याची, बसवताना किंवा पितळी कढईवर आपटून कपची उडू शकते. हिरा कठीण असतो, पण अभंग नसतो.

मग कोणते आकडे बघायचे? गोल हिऱ्यासाठी जीआयए ही अमेरिकन प्रयोगशाळा २००६ पासून कटची प्रत देते आणि तिची सर्वांत वरची प्रत ‘एक्सलंट’. पण एक्सलंटचा परीघ ऐसपैस आहे, उंची ५७.५ पासून ६३ टक्क्यांपर्यंत चालते. दोन एक्सलंट एक-कॅरट खड्यांत ६.३८ आणि ६.५८ मिमी इतकं अंतर पडू शकतं. म्हणून मी नुसत्या प्रतीवर थांबत नाही. उंची ६० ते ६२.५, टेबल ५४ ते ५८, क्राउन ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१, गर्डल मध्यम. यांत पॅव्हिलियनच्या आकड्याला सर्वांत जास्त जपायचं. क्राउन अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर निभावतं, पॅव्हिलियनला तेवढी सवलत नाही. आणि मग मिमीतला व्यास : २५ सेंटला ४.१, ५० सेंटला ५.१, ७५ ला ५.८ ते ५.९, कॅरटला ६.४ ते ६.५, दोन कॅरटला ८.१. या यादीतच आणखी एक गोष्ट दिसेल. पन्नास सेंटचं वजन दुप्पट केलं तरी रुंदी फक्त चौथाईने वाढते, आणि कॅरटमागचा भावही वर गेलेला असल्यामुळे किंमत दुपटीच्या बरीच पुढे जाते. ‘जरा मोठा दिसू दे’ हा आग्रह इतका महाग का, ते यावरून कळावं.

दागिन्यावरच्या हॉलमार्कचा या सगळ्याशी संबंध नाही. तो सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल गप्प असतो.

गोल सोडून दुसरे आकार घेतले तर वजनाची वाटणी आणखी बदलते. एक कॅरटचा ओव्हल साधारण ७.७ × ५.७ मिमी भरतो, लांबट असल्याने बोटावर मोठा दिसतो आणि बोटही निमुळतं वाटतं. दोन्ही टोकांना अणकुचीदार मार्कीज त्याहून लांब. उलट चौकोनी प्रिन्सेस ५.५ मिमीच्या आसपास, कारण त्याची उंचीच ७० टक्क्यांवर असते. लांबट आकारांत मधोमध फुलपाखरासारखी काळी पट्टी दिसते, ती किती गडद आहे हे हलवूनच बघायचं, कागदावर ते कळत नाही.

कोंदणाच्या करामतीही आहेत. भोवती बारीक हिऱ्यांचं कडं घातलं की मधला खडा मोठा वाटतो. मिरॅकल प्लेट म्हणून पांढऱ्या सोन्याची पैलूदार चकती खड्याभोवती बसवतात, लांबून सगळा हिराच वाटतो. प्रेशर सेटिंगमध्ये अनेक छोटे खडे चिकटून बसवून एका सॉलिटेअरचा, म्हणजे एकट्या मोठ्या खड्याचा, भास आणतात. यात फसवणूक नाही, किंमत त्याप्रमाणे लावलेली असेल तर. पण मोडायला गेल्यावर त्या बारीक खड्यांचं फारसं काही हाती येत नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याला हे सगळं जसंच्या तसं लागू. तोही कार्बनच, तेच कोन, तोच २४.४ चा आकडा. उलट तिथे कच्चा माल स्वस्त असताना वजन वाचवायला पोट सुटू देण्याचं निमित्तच उरत नाही. लॅबचा खडा कमी प्रतीच्या कटचा कोणी देत असेल तर सरळ उठावं.

बहुतेक घरांत मात्र कॅरटचा प्रश्न येतच नाही. येते ती नाकातली चमकी, पाच सेंटची नाहीतर दहाची. पाच सेंटचा नीट कापलेला खडा २.४ मिमी, दहाचा ३ मिमी. या मापाला वेगळं सर्टिफिकेट परवडत नाही आणि मागूही नये. सराफाकडे खडे मोजायची मापपट्टी असते, तिच्यावर मिमी बघून घ्या आणि दारात नेऊन बघा. एवढ्याशा खड्यात रंगाची एखादी पायरी खाली चालेल, कट खराब नको.

घेतल्यावरची एक गोष्ट, जी खास आपल्या स्वयंपाकघरांना लागू आहे. हिऱ्याला पाण्यापेक्षा तेलकटाची ओढ जास्त, खाणींत पूर्वी ग्रीस फासलेल्या पाटांवरून खडी वाहवून हिरे वेगळे काढायचे ते यामुळेच. नारळ खवणे, सुरमई साफ करणे, केसांना खोबरेल लावणे, या सगळ्यांतून अंगठीच्या मागच्या बाजूला तेलाचा थर बसतो. हिऱ्याच्या मागे हवा असते तेव्हा मर्यादा २४.४ अंशांची, खोबरेल असेल तर ती सुमारे ३७ होते. कारागिराने अंश-अंश जुळवलेले आरसे त्यामुळे गळके होतात आणि उत्तम कटचा खडाही महिन्याभरात मंद पडतो. लोक वरचं टेबल पदराने पुसतात, घाण असते खाली पॅव्हिलियनला. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश, आणि ब्रश मागच्या बाजूने फिरवायचा. हे काम वाटीत करायचं, मोरीवर नको. मोत्यांच्या जोडीने बसवलेल्या हिऱ्याच्या कुड्या असतील तर मात्र बुडवू नका, मोत्यांना साबण सोसत नाही. त्या सराफाकडून वर्षातून एकदा साफ करून घ्या, तेव्हाच प्रॉन्ग सैल झालेत का तेही बघायला सांगा.